पट्टी कारी झाल्याशिवाय

बाहेर शेहेचाळीस.
आत एकशे एकवीस, पंधरा पौंड, वीस मिनिटं.
मे महिन्यात आमच्या आरोग्य केंद्रातल्या दोन खोल्यांत
इतकाच काय तो फरक.

सिंदेवाहीच्या पुढे, धानाचे बांध जिथे जंगलात शिरतात
तिथे मी बॉण्डचं वर्ष काढायला आले,
आणि पहिल्याच आठवड्यात पुष्पकला मेश्रामने
माझ्या हातातली कात्री परत घेतली.
"बिजागरीत पाहा."
पाहिलं. काही नव्हतं.
तिने जुन्या ब्रशने घासलं, आणि पाण्यात
एक तांबूस धागा सुटला, केसाएवढा.

ब्लीचची बादली ती वासावरून ओळखते, ताजी की कालची.
बोअरच्या पाण्याचा चुना ऑटोक्लेव्हच्या बुडाशी धरतो,
तो चिंचेने काढते, पितळी गुंड घासावा तसा.
मग हिरवं फडकं, चिमटे, नाळेची कात्री,
चार कोपऱ्यांची घडी,
शेवटचं टोक बाहेर, सशाच्या कानासारखं,
म्हणजे उघडणाऱ्याचा हात आत लागणार नाही.
वरून टेपची पट्टी.
कोरी आत जाते, वाफ मुरली तर
काळ्या रेघा घेऊन बाहेर येते.
पुष्पकला "कारी" म्हणते. झाडीत ळ चा र होतो.
मीही आता कारी म्हणते.

त्या रात्री लाइट गेली बाराव्या मिनिटाला.
टोल्यावरून वनिता आली होती, दुसरी खेप,
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, मागेपुढे टेंभे आणि डबे वाजवणारी माणसं,
कारण त्या वाटेवर पिलांची वाघीण होती.
काटा पंधरावरून घसरला. दहा. सहा.
मी म्हटलं, बारा मिनिटं झालीत, द्या.
"नाई."
बाळाचं डोकं दिसतंय.
"दिसू द्या. पट्टी कारी नाई झाली. मी नाई देत."
मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही.

तिने मागच्या पडवीत चूल पेटवली,
सागाच्या ढलप्या, मोहाच्या काटक्या,
वर तो जुना, कुकरच्या जातीचा ऑटोक्लेव्ह
शिपायाला हाताशी धरून चढवला,
आणि काटा पंधरावर आल्यावर मिनिटं पुन्हा मोजली.
एकपासून.

बाळ थांबलं नाही. आलं.
पोर रडली, मी पुसलं, आईच्या पोटावर ठेवलं,
आणि नाळ तशीच, दोघींमध्ये,
आधी उडणारी, मग पांढरी, गप्प.
वारही पडली, ती ताटात, अजून जोडलेली.
"नाळ थांबते, मॅडम," पडवीतून आवाज आला,
"मानसालेच घाई रायते."
टॉर्चच्या उजेडात आम्ही तिघी
काही न करता बसलो. इतका वेळ काही न करता
मी त्या वर्षात दुसऱ्यांदा बसले नाही.
मग शिट्टी, सुटलेली वाफ, चुलीच्या धुराचा वास लागलेली घडी,
आणि तिने ती माझ्यापुढे धरली,
सशाचा कान माझ्याकडे करून.

तिची आई सुईण होती, हे तिने नंतर सांगितलं,
गॉजच्या घड्या घालता घालता, माझ्याकडे न पाहता.
गावभर नाळा कापायची. पाटलाच्या घरीही.
ती निघाली की ती बसलेली जागा सारवायचे,
गोमूत्र शिंपडायचे, उंबऱ्यापर्यंत.
आणि ब्लेड, ते दाढीचं जुनं ब्लेड,
ते मात्र कुणी धुवायचं नाही.

रजिस्टरमध्ये प्रत्येक ड्रमची पट्टी चिकटवलेली,
तारीख, वेळ, तिची तिरकी सही.
अठरा वर्षांच्या पट्ट्या.
पानं भराभर उलटली की पिवळटावर काळे पट्टे हलतात,
शिपाई म्हणतो, निघाली पाहा वाघीण.
त्या रात्रीच्या पट्टीखाली
एक ओळ जास्तीची आहे, निळ्या शाईत:
"दोनदा लावला. पहिला धरला नाही."